पटकथा, पुरस्कारप्राप्त (स्वतंत्र व आधारित)
राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत २००९ पूर्वी स्वतंत्र व आधारित पटकथा एकाच मापाने तोलल्या जात. विजय तेंडुलकरांची ‘मंथन’ (१९७६) दुग्धसहकारी चळवळीतून स्फुरलेली. लगेच पुढच्या वर्षीची ‘भूमिका’ (१९७७) मात्र हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेली. श्याम बेनेगल, गिरीश कार्नाड व सत्यदेव दुबे यांनी तीत वर्तमान व गतकाल एकमेकांत गुंफले. मूळ निवेदनातील मोकळा ठसका त्यामुळे बराच हरपला, हे मान्य करावे लागते. नायिकेची कोंडी मात्र अधिक गडद झाली. विभाग वेगळे झाल्यावर मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरील ‘शाळा’ (२०११) व बाबा भांड यांच्या कादंबरीवरील ‘दशक्रिया’ (२०१६) या मराठी पटकथांना आधारित विभागातील पुरस्कार लाभले.