प्रश्नचिन्ह कुठं गेलं?

जुलै 2024 मध्ये बातमी फिरली होती: समुद्राची पातळी वाढल्यामुळे अमेरिकेतला एक निवडुंग नामशेष. बातमी वाचली असेल, तर आता मूळ पेपर उघडा. त्याच्या शीर्षकातच प्रश्नचिन्ह आहे. समुद्राच्या वाढत्या पातळीमुळे अमेरिकेतून वनस्पती नाहीशी झाल्याचं हे पहिलं उदाहरण का, असं लेखक विचारतायत. बातम्यांमधून हे प्रश्नचिन्ह गळालं.

दुसरी गोष्ट 'नामशेष' या शब्दाची. पायलोसोसेरिअस मिल्सपॉई ही जात क्युबाच्या उत्तर भागात आणि बहामात अजून आहे. संपली ती फ्लोरिडातल्या की लार्गोवरची वस्ती, अमेरिकेतली एकमेव. ती 1992 ला सापडली, पण बरीच वर्षं वेगळ्याच जातीत मोजली जात होती. (ओळखच चुकली तर पुढचं सगळं डळमळतं, हे टॅक्सॉनॉमीचा पेपर टाळणाऱ्यांसाठी!)

आता कारणाकडे या. कांदळवनाच्या मधोमध चुनखडीचा जरासा उंच खडक, त्यावर हे निवडुंग. 2015 मध्ये प्राण्यांनी जवळपास निम्मे खाऊन टाकले. 2017 ला इर्मा वादळ, 2019 ला मोठ्या भरत्यांचं पाणी. 2021 पर्यंत सहा आजारी तुकडे उरले, ते काढून नेले. मग मारलं कुणी? लेखक म्हणतात, गोडं पाणी मिळेना म्हणून प्राणी निवडुंगाकडे वळले असावेत. पटण्यासारखं आहे, पण हा अंदाज आहे. फ्लोरिडातल्याच एका जवळच्या जातीत मेलेल्या झाडांखालच्या मातीत क्षार जास्त सापडले होते. हा पुरावा मजबूत, पण जात वेगळी. आणि इथं वस्ती एकच, म्हणजे तुलनेला काहीच नाही.

माझ्या मते पेपरची खरी ताकद निष्कर्षात नाही, वर्षानुवर्षं त्याच जागी जाऊन खोडं मोजण्यात आहे. असं काम हाती घेणार असाल, तर दर खेपेला मातीची क्षारताही मोजा. नंतर मागे जाऊन ती मोजता येत नाही.

कारण शोधणं ही नुसती वादावादी नाही. वाचवलेली रोपं सध्या फेअरचाइल्ड वनस्पती उद्यानात वाढतायत. दोष फक्त प्राण्यांचा असेल, तर कुंपण घालून ती त्याच खडकावर परत लावता येतील. दोष समुद्राचा असेल, तर जागाच दुसरी शोधावी लागेल.