राखीव सर्व्हर म्हणजे स्टेपनी नव्हे

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या शाळांत कितीतरी मुलांच्या घरी कुणी ना कुणी वाहन उद्योगात कामाला असते. त्यामुळे माहितीसाठा सांभाळणारा मुख्य सर्व्हर आणि त्याचा राखीव सर्व्हर समजावून देताना ‘राखीव म्हणजे गाडीची स्टेपनी’ ही उपमा सहज सुचते. आम्हीही ती अनेकदा वापरली आहे. आता मात्र ती तपासून पाहावी असे वाटते.

उपमेत तथ्य आहे ते एवढेच: दोन्ही गोष्टी अडचणीच्या वेळेसाठी असतात, आणि न तपासलेली स्टेपनी ऐन वेळी बिनहवेची निघते. पुढे मात्र ही उपमा दिशाभूल करते. स्टेपनी नुसती पडून असते. राखीव सर्व्हर सतत कामात असतो. मुख्य सर्व्हर प्रत्येक बदल आधी एका क्रमवार नोंदवहीत लिहितो. त्या नोंदी राखीव सर्व्हरकडे जातात आणि तो तेच बदल त्याच क्रमाने आपल्याकडे करतो. समजा, चाकणच्या एखाद्या कारखान्यात ५० ब्रेक-डिस्क आल्याची नोंद मुख्य सर्व्हरवर झाली, पण ती पुढे पोचण्याआधीच तो बंद पडला. राखीव सर्व्हरच्या लेखी तो माल आलेलाच नाही!

भूमिकांची अदलाबदल तर या उपमेत बसतच नाही. ठरवून अदलाबदल करताना आधी मुख्य सर्व्हरवरील नव्या नोंदी थांबवतात, शेवटची नोंद पलीकडे पोचल्याची खात्री करतात. मगच राखीव सर्व्हर मुख्य होतो आणि जुना मुख्य राखीव. हा क्रम चुकून दोघेही स्वतःला मुख्य समजू लागले, तर एकाच गोदामाचे दोन वेगळे हिशेब तयार होतात. ते पुन्हा जुळवणे फार कठीण.

शिवाय चाक आणि स्टेपनी एकाच खिळ्याने पंक्चर होत नाहीत. सर्व्हरांचे तसे होऊ शकते. ऑगस्ट २०२३ मध्ये टोयोटाचे जपानमधील १४ जुळणी कारखाने थांबले. देखभालीच्या वेळी डिस्कवरील जागा अपुरी पडली होती. राखीव सर्व्हरही त्याच व्यवस्थेत असल्याने तोही अडला आणि अदलाबदल करता आली नाही.

मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११.४० ला थांबलेले व्यवहार दुपारी पावणेचारला सुरू झाले. पर्यायी केंद्र होते, पण काम तिकडे हलवले गेले नाही. पुढे २ मार्च आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी बाजाराने मुद्दाम खास सत्रे घेतली: पहिले मुख्य केंद्रावरून, दुसरे पर्यायी केंद्रावरून. राखीव यंत्रणेवरचा विश्वास असा सरावानेच कमवावा लागतो.

म्हणून वर्गात स्टेपनीऐवजी दोन वह्या घ्याव्यात. एका विद्यार्थ्याने शिक्षकांनी सांगितलेले आकडे लिहावेत व प्रत्येक आकडा चिठ्ठीने दुसऱ्याकडे पाठवावा. दुसऱ्याने तो उतरवून घ्यावा. मध्येच भूमिका बदलायला सांगावे आणि शेवटी वह्या ताडून पाहाव्यात. कोणता आकडा गळला आणि कोणता दोनदा लिहिला गेला, हे मुले स्वतःच सांगतील.