पिवळ्या कोरांटीचा रेखीवपणा

कोरांटी आपल्याकडे वाढते ती बहुधा कुंपणाला, त्यामुळे तिच्याकडे निरखून पाहायची सवय राहिलेली नाही. कमी पाण्याच्या बागेत मात्र तिला दर्शनी जागा द्यावी, इतकी ती देखणी आहे.

आधी काटे पाहा. समोरासमोरच्या पानांच्या बेचक्यांतून ते सरळ, टोकदार, तीन-चार-पाचच्या झुबक्यांनी निघतात. पानाचं टोकही बारीक काट्यातच संपतं. तुऱ्यात तर फुलालगतची उपपर्णंच काटे झालेली असतात. एवढ्या पहाऱ्यात कळी धरते ती केशरी झाक असलेल्या नितळ पिवळ्या रंगाची.

फूल उमललं की पाकळ्या मोजा. चार वर आणि एक खाली, अगदी एकटी. या विषम मांडणीमुळे फुलाला समोरचा चेहरा येतो. दोन लांब पुंकेसर नळीबाहेर डोकावतात. उरलेले आत खुजेच राहतात. फूल खुडताना काट्यांना हात लावावा लागत नाही. पाकळी चिमटीत धरून हलकेच ओढली की अख्खी नळी अलगद निसटते. निदलं तिथेच राहतात, बाहेरची दोन रुंद, आतली दोन अरुंद. देवासाठी परडी भरणाऱ्या बायकांच्या बोटांना ही खुबी पक्की ठाऊक असते.

पाण्याचा हिशेब तर वाखाणण्याजोगा. पावसाळ्यात वाढून घ्यायचं, पाऊस ओसरला की फुलायचं, उन्हाळ्यात पानं टाकून तग धरायचा. चोचदार बोंडात बिया दोनच, चपट्या आणि रेशमी लव असलेल्या. ती लव भिजली की बुळबुळीत होते आणि बी मातीला चिकटतं. पहिल्या सरीचा एवढा नेमका उपयोग क्वचितच कोणी करत असेल!

हिला लावणाऱ्याचं कसब दिसतं ते हात आखडता घेण्यात. मुरमाड, निचऱ्याची जमीन आणि भरपूर ऊन हवं. पावसाच्या तोंडावर फाटे खोचावेत, मूळ धरेपर्यंत पाणी द्यावं, मग ते हळूहळू तोडावं. लाड करून रोज पाणी घातलं तर झाड पानांनी माजतं आणि तुरे विरळ पडतात. बहर सरल्यावर जुनी लाकडं बेताने छाटावीत. तुरे नव्या फुटव्यांच्या शेंड्यांना धरतात, म्हणून जितके फुटवे, तितके तुरे. अशी राखलेली कोरांटी ऐन बहरात बुंध्यापर्यंत पिवळी होते.