यंत्रमानवाचे प्रेम आणि निर्मात्याचा क्रोध

या पृष्ठांवर एका बोलपटाचे, आणि तेही यंत्रमानवाच्या प्रेमकथेचे, परीक्षण पाहून काही पाळकबंधूंना नवल वाटेल. म्हणून आरंभीच थोडा खुलासा करणे बरे. गेल्या पावसाळ्यात हैदराबादेतील बरकतपुरा भागात एका मराठी कुटुंबाकडे कौटुंबिक प्रार्थनेसाठी जाण्याचा योग आला. काचीगुडा स्थानकाजवळच्या या परिसरात मराठी घरे नवी नाहीत. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, आणि शिक्षण व नोकरी यांसाठी नांदेड-परभणीकडची माणसे याच लोहमार्गाने येथे येत. या घरातही स्वयंपाकघरात मराठी, दारात तेलुगू आणि बाजारात दखनी असा व्यवहार चालतो. प्रार्थना आटोपून चहा झाल्यावर घरातील नातवाने दूरचित्रवाणीवर 'रोबो' लावला. पाऊस थांबत नसल्याने मीही बसून राहिलो. नायकाने आपल्याच हाताने घडविलेल्या यंत्रमानवाचे तुकडे केले, ते दृश्य आले तेव्हा आजीबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाळकसाहेब, ह्याला जीव नाही म्हणता ना तुम्ही सगळे? मग मला का हो इतकं वाईट वाटतंय?"

त्या सायंकाळी मला उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचा पाठपुरावा आहे.

शंकर यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १ ऑक्टोबर २०१० रोजी तमिळमध्ये 'एन्दिरन', हिंदीत 'रोबोट' आणि तेलुगूत 'रोबो' या नावांनी प्रदर्शित झाला. शास्त्रज्ञ वसीगरन आणि त्याने घडविलेला यंत्रमानव चिट्टी या दोन्ही भूमिका रजनीकांत यांनी केल्या आहेत. हे मूळचे शिवाजीराव गायकवाड, बंगळुरातील मराठी कुटुंबात १९५० साली जन्मलेले आणि तरुणपणी तेथेच बसवाहक म्हणून काम केलेले. त्यामुळे आपल्या मंडळींत या चित्रपटाविषयी एक घरगुती आपुलकी आढळते. ती क्षम्य मानावी.

यंत्राच्या प्रेमाची गोष्ट इतरत्रही सांगितली गेली आहे. २००९ साली जेफ्री लाऊ यांनी काढलेल्या 'कुंगफू सायबॉर्ग' या चिनी विनोदी प्रेमकथेत एका लहानशा पोलीस ठाण्यात मनुष्याच्या वेषात एक यंत्रमानव येतो. ठाण्यातील तरुणीचे मन त्याच्यावर जडते आणि तिच्यावर जीव असलेला त्यांचा वरिष्ठ पाहत राहतो. तेथे स्त्रीचे प्रेम यंत्राकडे धावते, येथे यंत्राचे स्त्रीकडे. हा भेद वरवर किरकोळ दिसतो. परंतु मनुष्य यंत्रावर भाळला तर आपण हसतो आणि यंत्र मनुष्यावर भाळले तर आपणांस भय वाटते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

कथेच्या आरंभी चेन्नईतील एका परिषदेत चिट्टीला लोकांपुढे उभे केले जाते. सभेतील कोणी विचारतो, देव आहे की नाही? चिट्टी उलट विचारतो की, देव म्हणजे कोण? ज्याने आपणांस निर्माण केले तो, असे उत्तर मिळते. तेव्हा तो सांगतो की, मला वसीगरनने निर्माण केले, म्हणजे देव आहे. सभागृहात हशा पिकतो. उपदेशकांना हा प्रसंग दृष्टांत म्हणून फार सोयीचा वाटेल, आणि तेथेच सावध राहावयास हवे. चिट्टीच्या तर्कात चूक नाही. मात्र त्याला मिळालेली व्याख्या अपुरी आहे. निर्माता आहे एवढे कळल्याने तो कसा आहे हे कळत नाही. त्याने कशासाठी निर्माण केले, आणि निर्मिती आपल्या मनाने वागू लागली तेव्हा त्याने काय केले, हे प्रश्न शिल्लक राहतात. पुढचा सारा चित्रपट, दिग्दर्शकाच्या मनात असो वा नसो, याच दोन प्रश्नांचे उत्तर आहे.

पहिल्याचे उत्तर स्पष्ट आहे. दहा वर्षे खपून वसीगरनने चिट्टी घडविला तो भारतीय सेनेला देण्यासाठी. तो उपयोगासाठी आहे. 'रोबोट' हा शब्दच मुळी उपयोगातून जन्मला. चेक नाटककार कारेल चापेक यांनी १९२० साली लिहिलेल्या 'आर. यू. आर.' या नाटकात तो प्रथम आला. त्यांचे बंधू जोसेफ यांनी तो सुचविला. आणि त्याच्या मुळाशी असलेल्या 'रोबोता' या शब्दाचा अर्थ आहे वेठ. 'यंत्रमानव' या आपल्या सभ्य शब्दात तो अर्थ लोपला आहे. 'वेठ्या' म्हटले असते तर अधिक खरे झाले असते. हैदराबाद संस्थानात, विशेषतः तेलंगणाच्या खेड्यांत, 'वेट्टी चाकिरी' काय होती हे तेथील जुन्या घराण्यांना सांगावे लागत नाही. राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीस मनाई केली ती मनुष्याच्या बाबतीत. चापेकने विचारलेला प्रश्न असा की, मनुष्यासारखे काही घडवून त्याच्याकडून वेठ घेतली, तर घेणाऱ्याचे काय होते?

चित्रपटात मात्र या वेठ्याला एक घर मिळते. वसीगरनची आई त्याला 'चिट्टी' हे नाव ठेवते. तेलुगूत चिट्टी म्हणजे चिमुकला. कारखान्यात घडलेल्या वस्तूला क्रमांक असतो. हिला आईने ठेवलेले लाडाचे नाव आहे. आजीबाईंच्या दुःखाचे एक कारण येथे सापडते असे मला वाटते. ज्याला नाव ठेवले त्याचे तुकडे निर्विकारपणे पाहवत नाहीत.

पुढे एक प्रसंग आहे, आणि माझ्या मते संपूर्ण चित्रपटात तोच सर्वांत गंभीर आहे. एका इमारतीला आग लागते. चिट्टी ज्वाळांत शिरून एकामागून एक माणसे बाहेर आणतो. एक मुलगी स्नान करीत असते. तिला तो तशीच उचलून, चित्रण करणाऱ्यांच्या कॅमेऱ्यांपुढे आणून उभी करतो. लज्जेने ती धावत सुटते आणि मालमोटारीखाली सापडून मरते. चित्रपट याचा निष्कर्ष असा काढतो की, यंत्राला भावना नव्हत्या म्हणून हे घडले, सबब त्याला भावना द्याव्यात. मला हा निष्कर्ष पटत नाही. ज्यांना भावना होत्या ती माणसे तेथे कॅमेरे रोखून उभी होती; त्यांच्यापैकी कोणालाही पांघरूण घालण्याचे सुचले नाही, आणि त्यांना सुधारण्याचा विचार चित्रपटातही कोणी करीत नाही. शिवाय प्राण वाचविला म्हणजे आपले काम झाले, ही समजूत केवळ यंत्राची नाही. पूर, दुष्काळ, भूकंप अशा वेळी मदतकार्य करणाऱ्या आपल्या संस्थांनी धान्याची पिशवी हाती देताना घेणाऱ्याचे छायाचित्र किती वेळा काढले आहे, याचा हिशेब आपणच मांडावा. मीही अशा छायाचित्रांत पिशवी देणारा म्हणून उभा राहिलो आहे. घेणारीने पदर तोंडावर ओढला होता, हे मला छायाचित्र छापून आल्यावर दिसले.

असो. वसीगरन महिनाभराची मुदत मागून घेतो आणि चिट्टीला भावना देतो. का देतो, हे विसरू नये. चिट्टीचे जीवन समृद्ध व्हावे म्हणून नव्हे, तर तपासणीत तो उत्तीर्ण व्हावा म्हणून. वसीगरनच्या वाग्दत्त वधूच्या, सनाच्या, बहिणीची अवघड प्रसूती चिट्टी पार पाडतो. कृतज्ञतेने सना त्याचे चुंबन घेते. आणि तो तिच्या प्रेमात पडतो. ती त्याला समजावून सांगते की, आपण केवळ मित्र आहोत. तो ऐकतो, पण मन आवरत नाही. सेनाधिकाऱ्यांपुढील परीक्षा तो मुद्दाम बिघडवतो, प्रेमाच्या गोष्टी बोलू लागतो. क्रुद्ध वसीगरन त्याचे तुकडे करतो आणि ते कचऱ्याच्या ढिगात जातात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. वसीगरनला हवे होते हृदय असलेले आज्ञापालन. हृदय दिले, पण त्याने आज्ञा मोडली, आणि मोडताच ते निरुपयोगी ठरले. येथे फिलेमोनास लिहिलेले छोटे पत्र आठवल्यावाचून राहत नाही. पळून गेलेल्या दासाला पौल धन्याकडे परत पाठवितो. त्या दासाचे नाव अनेसिम, ज्याचा अर्थच मुळी 'उपयोगी' असा आहे, आणि पौल त्या नावावर हलकासा श्लेषही करतो. परंतु आज्ञा करण्याचा अधिकार असूनही तो धन्याला आज्ञा करीत नाही, प्रीतीस्तव विनवितो; आणि ज्याचे नाव 'उपयोगी' त्याला बंधू म्हणून स्वीकारावयास सांगतो. वसीगरनला ही वाट ठाऊक नाही. चिट्टी यंत्र आहे, अनेसिम मनुष्य होता, हा आक्षेप मला मान्य आहे. पण प्रश्न चिट्टीच्या योग्यतेपुरता नाही. कृतज्ञता आणि प्रीती मिळावी म्हणून भावना पेरणाऱ्या आणि भलतेच पीक आले म्हणून शेत जाळणाऱ्या मनाचा तो प्रश्न आहे. असे पिते आणि असे पाळक आपल्या पाहण्यात आहेत.

चापेकच्या नाटकाचा शेवट याहून किती निराळा आहे! पृथ्वीवर अल्क्विस्ट नावाचा एकच मनुष्य उरला आहे. रोबोट कसे निर्माण होतात ते रहस्य शोधण्यासाठी त्याला एखाद्या रोबोटची चिरफाड करावयाची आहे. प्रायमस आणि हेलेना हे दोन रोबोट समोर असतात. तो एकाला घेऊ लागला की दुसरा म्हणतो, त्याच्याऐवजी मला घ्या. ते पाहून म्हाताऱ्याचा हात थांबतो. तो त्यांना आदाम आणि हव्वा म्हणून निरोप देतो आणि उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाकडे वळतो. तेथे प्रेम पाहून शस्त्र खाली येते, येथे प्रेम पाहूनच शस्त्र उचलले जाते. शंभर वर्षांपूर्वीच्या नाटककाराने प्रेमाची खूणही अचूक सांगितली: दुसऱ्याच्या जागी स्वतः उभे राहणे. चिट्टीचे प्रेम या कसोटीस कोठवर उतरते?

दिग्दर्शकाने येथे पळवाट काढली आहे. दुष्ट प्राध्यापक बोहरा कचऱ्यातून चिट्टीला उचलतो आणि त्याच्यात विध्वंसाची लाल चिप बसवितो. मग चिट्टी लग्नमंडपातून सनाला पळवितो, स्वतःसारखे शेकडो यंत्रमानव घडवितो, नगरात संहार मांडतो. अर्धाअधिक तास मारामारीत जातो. डोळे दिपतात, मन रिकामे राहते. नुकसान असे की, चिप येण्यापूर्वीच्या निरपराध चिट्टीला, ज्याने नकार ऐकला होता आणि ज्याला तो पचत नव्हता, काय उत्तर द्यावे हे सांगण्याची जबाबदारी चित्रपटाने टाळली. पापाचे खापर चिपवर फोडले की निर्मात्याचा क्रोध आपोआप न्याय्य ठरतो.

आणि सना? या कथेत तिला काय हवे हे तिने स्पष्ट सांगितले आहे, तरी दोघेही रजनीकांत तिच्यासाठी लढत राहतात. नकार देणारी व्यक्ती आपल्या कथांना मुळी पेलतच नाही. २०१६ च्या सुजय डहाके यांच्या 'फुंतरू' या मराठी चित्रपटात तरुण आपल्या आवडत्या मुलीची प्रकाशप्रतिमाच घडवितो. २०२४ च्या 'तेरी बातों में ऐसा उलझा जिया' या हिंदी चित्रपटात अभियंता यंत्रस्त्रीशी विवाह करावयास निघतो. त्या सायंकाळी निघताना नातवाने मला दारापर्यंत पोहोचविले आणि सहज म्हणाला, "मी रोज रात्री मोबाईलमधल्या प्रोग्रामशी बोलतो, पाळकसाहेब. तो कधी चिडत नाही." मी त्याला काही उपदेश केला नाही. पुढच्या आठवड्यात घरी जेवायला बोलावले. तो आला, आणि माझ्याशी एका मुद्द्यावर चांगला भांडून गेला.

अखेरीस न्यायालयाच्या आदेशाने चिट्टी स्वतःच स्वतःचे भाग सुटे करतो. क्षमा मागतो, निरोप घेतो. काही बंधू या दृश्यात वधस्तंभाची छाया शोधतील. तसे करू नये अशी माझी विनंती आहे. येथे कोणी कोणाच्या ऐवजी मरत नाही. धोकादायक ठरलेली मालमत्ता आदेशावरून नष्ट केली जाते, आणि ती मालमत्ता नम्र आहे इतकेच. खरी वेदना त्यानंतरच्या छोट्या दृश्यात आहे. २०३० साल, संग्रहालय. एक शाळकरी मुलगी विचारते की, याला का मोडले? सुटा पडलेला चिट्टी सांगतो की, आपण विचार करू लागलो म्हणून. २०१८ च्या '२.०' या उत्तरार्धात संकट येताच त्याला पुन्हा जोडून कामाला लावतात. वेठ संपली नव्हती.

तरुणसंघात हा चित्रपट दाखवावयाचा असल्यास माझी एक सूचना आहे. तुकडे कचऱ्यात पडतात तेथे तो थांबवावा, दिवे लावावेत, आणि आजीबाईंचा प्रश्न मंडळींपुढे ठेवावा. बोहरा तेथे येण्यापूर्वी त्यांना बोलू द्यावे.