आकृती आणि उपपत्ती : उच्च प्राथमिक स्तरावरील भौमितिक रचनांच्या अध्यापनाची चिकित्सा (विशेष संदर्भ : कसबा पेठ, पुणे)

प्रस्तावना

शालेय गणितात भूमितीचे स्थान काहीसे वेगळे आहे. अंकगणितात उत्तर संख्येच्या रूपाने मिळते. भूमितीत ते कागदावर प्रत्यक्ष दिसते. त्यामुळे आकृती सुबक आली की विषय समजला, असा समज विद्यार्थी, पालक आणि कित्येकदा शिक्षक यांच्यातही रूढ झालेला आढळतो. इयत्ता सहावी ते आठवी या स्तरावरील रेषा, कोन आणि त्रिकोणरचना या घटकांना या समजाचा सर्वाधिक फटका बसतो. कंपासपेटी हाताळण्याचे कौशल्य विद्यार्थ्याला येते. परंतु काढलेली आकृती बरोबरच का आहे, हे सांगण्याची वेळ त्याच्यावर क्वचितच येते.

महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाची, म्हणजेच बालभारतीची, स्थापना २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात झाली. या मंडळाने सहावीचे गणिताचे पाठ्यपुस्तक २०१६ मध्ये, सातवीचे २०१७ मध्ये आणि आठवीचे २०१८ मध्ये प्रथम प्रकाशित केले. या तीन पुस्तकांतील भूमितीची मांडणी आणि तिच्या आधारे होणारे अध्यापन यांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. ही चिकित्सा केवळ पुस्तकापुरती राहू नये, यासाठी पुण्याची सर्वांत जुनी वस्ती मानल्या जाणाऱ्या कसबा पेठेचा परिसर उदाहरणादाखल घेतला आहे. शालेय ज्ञान शाळेबाहेरील जीवनाशी जोडावे, ही अपेक्षा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने स्पष्टपणे मांडली होती. ती भूमितीच्या तासाला कशी पूर्ण होऊ शकते, हेही येथे पाहावयाचे आहे.

पाठ्यपुस्तकांतील क्रम

सहावीच्या पुस्तकाचा आरंभच भूमितीतील मूलभूत संकल्पनांनी होतो. बिंदू, रेषा, रेषाखंड, किरण यांचा परिचय झाल्यावर कोन हे प्रकरण येते. त्यात कोनमापकाने कोन काढणे व कंपासच्या साहाय्याने त्याचा दुभाजक काढणे यांचा समावेश आहे. त्याच पुस्तकात पुढे सममिती, त्रिकोण व त्याचे गुणधर्म आणि भौमितिक रचना ही प्रकरणे आहेत. सातवीचे पुस्तक भौमितिक रचनांनीच सुरू होते. तेथे तीन बाजू, दोन बाजू व समाविष्ट कोन, दोन कोन व समाविष्ट बाजू, तसेच काटकोन त्रिकोणाचा कर्ण व एक बाजू दिली असता त्रिकोण काढण्यास शिकवले जाते. आठवीत त्रिकोणांची एकरूपता हे स्वतंत्र प्रकरण येते आणि बाबाबा, बाकोबा, कोबाको व कर्णभुजा या कसोट्यांचा परिचय होतो.

या मांडणीचे गुण नाकारता येत नाहीत. भाषा सोपी आहे, साधनांची ओळख क्रमाने होते आणि करून पाहण्यास प्रवृत्त करणाऱ्या कृती ठिकठिकाणी आहेत. तथापि सातवीतील चार रचना आणि आठवीतील या चार कसोट्या शेजारी ठेवून पाहिल्या असता एक गोष्ट ध्यानात येते. या दोन याद्या वस्तुतः एकच आहेत. तीन बाजू दिल्या असता एकाच मापाचा त्रिकोण मिळतो, म्हणूनच तीन बाजू समान असलेले दोन त्रिकोण एकरूप असतात. सातवीतील विद्यार्थी जे हाताने करतो, तेच आठवीत विधानाच्या रूपाने त्याच्यापुढे येते. हा संबंध वर्गात स्पष्टपणे मांडला गेला नाही, तर रचना ही हस्तकला ठरते आणि कसोटी ही पाठ करण्याची संज्ञा ठरते.

रचना आणि तिची उपपत्ती

युक्लिडच्या ‘मूलतत्त्वे’ या ग्रंथाचा पहिला खंड या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यातील पहिलेच प्रमेय समभुज त्रिकोण रचण्याविषयी आहे. कोन दुभागण्याची रीत नवव्या प्रमेयात, तर रेषाखंड दुभागण्याची रीत दहाव्या प्रमेयात येते. त्यापूर्वी चौथ्या प्रमेयात दोन बाजू व समाविष्ट कोन यांची आणि आठव्या प्रमेयात तीन बाजूंची एकरूपता सिद्ध झालेली असते. कोनदुभाजकाची रचना योग्य का, याचे कारण युक्लिड आठव्या प्रमेयाच्या आधारे देतो. रचना आणि तिची उपपत्ती तेथे एकमेकींपासून विलग होत नाहीत. नसीरुद्दीन तूसी यांच्या अरबी पाठावरून सम्राट जगन्नाथ यांनी अठराव्या शतकात, सवाई जयसिंहांच्या आश्रयाने, ‘रेखागणित’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. या ग्रंथामुळे युक्लिडची ही परंपरा भारतीय भाषेतही उपलब्ध झाली होती.

पाठ्यपुस्तकांत मात्र कोनदुभाजक सहावीत आणि त्याचे समर्थन करणारी बाबाबा कसोटी आठवीत येते. मधल्या दोन वर्षांत विद्यार्थी दुभाजक अनेकदा काढतो आणि कोनमापकाने दोन्ही भाग मोजून ते समान असल्याची खात्री करून घेतो. मोजमाप ही पडताळणी आहे, कारण नव्हे. ५० अंशांच्या कोनाचे भाग मोजल्यावर २५ व २५ आले, यावरून प्रत्येक कोनाच्या बाबतीत तसेच घडेल असे सिद्ध होत नाही. शिवाय पेन्सिलीच्या जाडीमुळे एखाद्या विद्यार्थ्याला २४ व २६ मिळाले, तर त्याने रीत चुकीची मानावी की हात चुकला असे मानावे, याचा निर्णय मोजमाप देऊ शकत नाही.

कोनाच्या संकल्पनेतही हीच अडचण आहे. भुजा लांब काढल्या म्हणजे कोन मोठा झाला, असे मानणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतात. कोनमापकावरील दोन मापश्रेणींपैकी कोणती वाचावी, याविषयीही गोंधळ होतो आणि ६० अंशांचा कोन १२० अंशांचा म्हणून नोंदवला जातो. कोन म्हणजे एका किरणापासून दुसऱ्या किरणापर्यंतचे वळण, ही कल्पना दृढ झाली असेल, तर विद्यार्थी कोन लघु आहे की विशाल हे आधी डोळ्यांनी ठरवील आणि मग कोनमापक वाचील. साधनाआधी अंदाज, हा क्रम पाळला गेला पाहिजे.

त्रिकोणरचनेतील तीन प्रश्न

त्रिकोणरचनेच्या प्रत्येक उदाहरणापूर्वी तीन प्रश्न विचारणे आवश्यक आहे : दिलेल्या मापांचा त्रिकोण होईल काय? झाल्यास असे वेगळे त्रिकोण किती होतील? आणि तसे का?

३ सेंमी, ४ सेंमी व ८ सेंमी या बाजू घेऊन ८ सेंमीच्या पायाच्या टोकांवरून कंस काढले, तर ते एकमेकांना मिळतच नाहीत. ८ ऐवजी ७ सेंमी घेतल्यास दोन्ही कंस पायावरच एका बिंदूत स्पर्श करतात आणि त्रिकोण सपाट होऊन रेषाखंड उरतो. ६ सेंमी घेतल्यास ते पायाच्या दोन्ही अंगांस छेदतात आणि एकाच मापाचे दोन त्रिकोण मिळतात. त्यांपैकी एक उलटवला की दुसऱ्यावर बसतो. त्रिकोणाच्या दोन बाजूंच्या लांबींची बेरीज तिसऱ्या बाजूपेक्षा अधिक असते, हा गुणधर्म विद्यार्थी सहावीतच शिकलेला असतो. सातवीत तो कंपासच्या टोकाशी पुन्हा भेटतो. युक्लिडनेही तीन रेषाखंडांपासून त्रिकोण रचण्याच्या बाविसाव्या प्रमेयात ही अट प्रारंभीच घातली आहे.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. कख = ६ सेंमी, कोन क = ३० अंश आणि खग = ४ सेंमी अशी मापे द्यावीत. येथे दिलेला कोन दोन बाजूंमध्ये समाविष्ट नाही. ख बिंदूपासून समोरच्या किरणाचे लंबांतर ३ सेंमी येते. ४ सेंमी ही लांबी ३ पेक्षा मोठी आणि ६ पेक्षा लहान असल्यामुळे खपासून काढलेला कंस किरणाला दोन ठिकाणी छेदतो आणि दोन भिन्न त्रिकोण मिळतात. खग = ३ सेंमी घेतल्यास एकच, तोही काटकोन त्रिकोण मिळतो. खग = २ सेंमी घेतल्यास एकही मिळत नाही. शून्य, एक आणि दोन ही तिन्ही उत्तरे एकाच आकृतीत अनुभवणारा विद्यार्थी बाकोबा कसोटीत कोन समाविष्टच का असावा लागतो, हे आठवीत कोणी सांगण्यापूर्वीच जाणतो. काटकोनाच्या बाबतीत कर्ण व एक बाजू दिल्यास संदिग्धता का उरत नाही, याचाही उलगडा त्याला येथेच होतो.

परिसरातील भूमिती : कसबा पेठ

वरील प्रश्न पुस्तकाबाहेर कोठे भेटतात, हे कसबा पेठेत सहज दाखवता येते. या पेठेतील जुन्या गल्ल्या काटकोनात आखलेल्या नाहीत. त्यामुळे अनेक जागांच्या चारही बाजू असमान असतात. एखाद्या चौकोनी जागेच्या बाजू अनुक्रमे १२, १०, ९ व ११ मीटर आहेत, एवढीच माहिती दिली, तर त्या जागेचा नकाशा काढता येईल काय? येत नाही, कारण या मापांचे अगणित चौकोन संभवतात. परंतु १२ व १० मीटरच्या बाजूंची मोकळी टोके जोडणारा कर्ण १४ मीटर आहे असे कळले, की त्याच्या दोन अंगांस दोन त्रिकोण निश्चित होतात आणि नकाशा काढता येतो. केवळ फीत वापरून जमीन मोजताना तिचे त्रिकोण का पाडावे लागतात, याचे उत्तर तीन बाजूंच्या रचनेतच आहे.

कसबा गणपती हा पुण्यातील मानाचा पहिला गणपती. गणेशोत्सवात पेठेत उभ्या राहणाऱ्या मांडवांच्या सांगाड्यातही हेच तत्त्व दिसते. चार बांबूंची चौकट बाजूने रेटली की कलते. तिला एक तिरपा बांबू बांधला की ती स्थिर होते. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या टाचण्यांनी जोडून हा प्रयोग वर्गातही करता येतो. चार बाजू ठरल्या तरी आकार ठरत नाही आणि तीन बाजू ठरल्या की आकार ठरतो, या एका अनुभवात बाबाबा कसोटीचे सार सामावलेले आहे.

तांबट आळी हा पेठेचा दुसरा विशेष. तांब्याच्या भांड्यावर ठोक्यांनी केले जाणारे मठारकाम ही येथील ओळख आहे. या आळीच्या निमित्ताने विद्यार्थ्यांपुढे एक प्रश्न ठेवता येईल : गोल पत्र्याचा मध्य खुणावलेला नसेल, तर तो कसा शोधावा? वर्तुळाच्या, एकमेकींना समांतर नसलेल्या दोन जीवांचे लंबदुभाजक जेथे छेदतात, तो मध्य होय. सातवीत त्रिकोणाच्या बाजूंचे लंबदुभाजक एकसंपाती असतात असे शिकवले जाते. त्या विधानाचा उपयोग येथे प्रकट होतो. लंबदुभाजकावरील प्रत्येक बिंदू रेषाखंडाच्या दोन्ही टोकांपासून समान अंतरावर असतो, हे त्यामागील कारणही याच वेळी सांगता येते.

पेठेच्या शेजारीच, १७३२ मध्ये पूर्ण झालेल्या शनिवारवाड्यात, सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचे हजारी कारंजे आहे. असे कमळ कागदावर काढताना लगतच्या दोन पाकळ्यांच्या मध्यरेषांतील कोन साडेबावीस अंशांचा घ्यावा लागतो. कंपासपेटीतील कोनमापकावर अर्ध्या अंशाची खूण नसते. कंपासने मात्र ९० अंशांचा कोन दोनदा दुभागला की हे माप मिळते. कोनदुभाजकाची रीत कोनमापक असतानाही का शिकावी, या विद्यार्थ्यांच्या रास्त प्रश्नाला याहून समर्पक उत्तर क्वचितच मिळेल.

एक आक्षेप व त्याचा विचार

अकरा-बारा वर्षांच्या मुलांकडून सिद्धतेची अपेक्षा ठेवणे अवाजवी आहे, असा आक्षेप येथे घेतला जाऊ शकतो. त्याला आधारही आहे. डीना व्हॅन हिले-गेल्डॉफ आणि पिअरे व्हॅन हिले या डच शिक्षक-दांपत्याने १९५७ मध्ये उट्रेख्ट विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधांतून भौमितिक विचारांच्या पातळ्यांची उपपत्ती पुढे आली. आकृती ओळखणे, तिचे गुणधर्म जाणणे, गुणधर्मांतील परस्परसंबंध समजणे आणि त्यानंतर औपचारिक निगमन, असा हा क्रम आहे. विद्यार्थी ज्या पातळीवर आहे तिच्यापेक्षा वरच्या पातळीवरून शिकवले गेले, तर तो पाठांतराचा आश्रय घेतो, असे ही उपपत्ती सुचवते.

परंतु या उपपत्तीतूनच आक्षेपाचे उत्तरही मिळते. औपचारिक निगमनाची घाई नको हे खरे. तथापि मधल्या पायऱ्या गाळल्या, तर त्या निगमनापर्यंत पोहोचण्याचा मार्गच उरत नाही. कारण देण्याचे वयानुरूप साधन कागदाच्या घडीत उपलब्ध आहे. कोनाच्या दोन भुजा एकमेकींवर येतील अशी घडी घातली की ती घडी हाच दुभाजक असतो. कोनबिंदूपासून समान अंतरावर घेतलेले बिंदू घडीमुळे एकमेकांवर येतात आणि त्या बिंदूंवरून समान त्रिज्येने काढलेले कंस घडीवरच छेदतात. सहावीतील सममितीचे प्रकरण येथे उपयोगी पडते. टी. सुंदर राव यांनी कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे पुस्तक १८९३ मध्येच मद्रास येथे प्रसिद्ध केले होते. त्यामुळे ही सूचना नवी नाही. केवळ दुर्लक्षित आहे.

मूल्यमापनाचा प्रश्न

वर्गात काय शिकवले जाते, हे बऱ्याच अंशी परीक्षेत काय विचारले जाते यावर अवलंबून असते. अमुक मापांचा त्रिकोण काढा, एवढाच प्रश्न विचारला आणि गुण केवळ आकृतीच्या अचूकतेस दिले, तर शिक्षकाने कारणांवर वेळ खर्च करावा ही अपेक्षा व्यर्थ आहे. याउलट, दिलेल्या चार मापसंचांपैकी कोणत्या संचाचा त्रिकोण होणार नाही ते कंपास न वापरता सांगा व कारण लिहा, किंवा या मापांचे किती भिन्न त्रिकोण होतील ते काढून दाखवा, असे प्रश्न त्याच साधनांत आणि त्याच अभ्यासक्रमात बसतात. त्यासाठी नवे पाठ्यपुस्तक येण्याची वाट पाहावी लागत नाही.

समारोप

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ नुसार प्राथमिक शिक्षण आठवीपर्यंत आहे. काही मुलांच्या वाट्याला येणारी भूमिती तेथेच संपते. उरलेल्यांना पुढे सिद्धतेच्या औपचारिक भाषेला सामोरे जावे लागते. पहिल्या गटाला कारण शोधण्याची सवय लागली नाही, तर ती भूमितीतून पुढे कधीच लागणार नाही. दुसऱ्या गटाला ती लागली नाही, तर प्रमेये पाठ करण्याची वृत्ती बळावते आणि महाविद्यालयीन वर्गांपर्यंत तीच सोबत येते. पदवीच्या प्रथम वर्षाचा विद्यार्थी सिद्धता समजून घेण्याऐवजी कोणती सिद्धता परीक्षेला येईल असे विचारतो, तेव्हा त्या प्रश्नाचे मूळ सहावीच्या कंपासपेटीपर्यंत जाऊन पोहोचते.

सहावीतील गुणधर्म, सातवीतील रचना आणि आठवीतील कसोट्या हे एकाच विचाराचे तीन टप्पे आहेत. पुस्तकांनी ते तीन वर्षांत विभागले आहेत. त्यांना एका सूत्रात ओवण्याचे काम शिक्षकाचे आहे. त्यासाठी लागणारे साहित्य म्हणजे एक कंपास, घडी घालण्याजोगा कागद, पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या आणि शाळेभोवतीची पेठ. यांतील कोणतीही वस्तू दुर्मीळ नाही. आकृती पूर्ण झाल्यावर ‘हे असेच का?’ असे विचारून उत्तरासाठी थांबण्याची सवड मात्र तासिकेत ठेवावी लागेल.