‘बॉर्डर’ : वीररस आणि हौतात्म्याचा आग्रह

प्रस्तावना :
हिंदी युद्धपटांच्या परंपरेत जे. पी. दत्ता दिग्दर्शित ‘बॉर्डर’ (१९९७) या चित्रपटाचे स्थान महत्त्वाचे आहे. १९७१ च्या भारत-पाक युद्धातील लोंगेवाला येथील लढाई हा त्याचा कथाविषय होय. राष्ट्रीय एकात्मतेवरील सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीचा नर्गिस दत्त राष्ट्रीय पुरस्कार त्यास लाभला. प्रस्तुत लेखात या चित्रपटातील वीररसाच्या आविष्काराची मूळ घटनेच्या संदर्भात चिकित्सा केली आहे.

मूळ घटना :
राजस्थानातील जैसलमेर जिल्ह्यातील लोंगेवाला चौकीवर पंजाब रेजिमेंटच्या २३ व्या बटालियनची एक कंपनी तैनात होती. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखाली सुमारे १२० जवान होते. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री २००० हून अधिक पाकिस्तानी सैनिक ४० हून अधिक रणगाड्यांसह या चौकीवर चालून आले. जैसलमेरच्या तळावरील हंटर विमानांना रात्री हल्ला करणे शक्य नव्हते. चौकी सोडण्याचा पर्याय असूनही मेजर चांदपुरी यांनी ती लढविण्याचा निर्णय घेतला. रणगाडे टप्प्यात येईपर्यंत मारा रोखून धरण्यात आला. पुढे काटेरी तारेपाशी सुरुंग पेरलेले असावेत, या शंकेने शत्रूचे पायदळ थबकले. काही रणगाडे वाळूत रुतले. पहाट होताच हंटर विमानांनी उघड्या वाळवंटातील रणगाडे टिपले. चौकीवरील दोन जवान धारातीर्थी पडले.

चित्रपटातील रूपांतर :
चित्रपटाने सैनिकांच्या कौटुंबिक जीवनास दिलेले स्थान ही त्याची जमेची बाजू होय. घरच्या पत्रांची वाट पाहणारा सैनिक प्रेक्षकास आपलासा वाटतो. शत्रूलाही भाऊ म्हणणारे अखेरचे गीत चित्रपटास मानवतावादी उंचीवर नेते. उजाडण्याची वाट पाहणाऱ्या वैमानिकांची तगमग तर मूळ घटनेशी सर्वाधिक प्रामाणिक आहे.

तथापि चौकीवरील रात्रीचे चित्रण वेगळ्या दिशेने जाते. येथे एकामागून एक प्रमुख पात्रे बलिदान करतात. सीमा सुरक्षा दलातील भैरोसिंग सुरुंग छातीशी धरून रणगाड्यावर झेपावतो. तरुण अधिकारी धरमवीर यालाही वीरमरण येते. प्रत्यक्षात या दोन्ही व्यक्ती लढाईतून सुखरूप परतल्या आणि दोघांचेही निधन २०२२ मध्ये झाले. भैरोसिंग राठोड यांना त्यांच्या पराक्रमाबद्दल सेना पदक मिळाले होते.

कलाकृतीस इतिहासापासून दूर जाण्याचे स्वातंत्र्य असते, हे मान्यच करावे लागेल. पात्रांची नावे काल्पनिक असती, तर हा आक्षेप टिकला नसता. परंतु खरी नावे कायम ठेवून हयात व्यक्तींना हुतात्मा ठरविले जाते, तेव्हा प्रश्न केवळ तपशिलाचा राहत नाही. मरण आल्याशिवाय शौर्य पूर्ण होत नाही, असा संकेत त्यातून दृढ होतो. शिवाय कल्पित हुतात्म्यांच्या गर्दीत खरोखर प्राण वेचणारे ते दोन जवान झाकोळले जातात.

रसविचार :
भरतमुनींनी वीररसाच्या अनुभावांत शौर्य व त्याग यांच्याबरोबर स्थैर्य व धैर्य यांचाही समावेश केला आहे. लोंगेवाला येथील रात्र प्रामुख्याने स्थैर्याची होती. शत्रू जवळ येईपर्यंत न झाडलेली गोळी आणि न सोडलेली जागा हेच तेथील शस्त्र होते. चित्रपट मात्र त्यागावर भर देतो. परिणामी उत्साह या स्थायीभावाची जागा शोक घेतो आणि वीररस करुणाकडे झुकतो. प्रेक्षक हेलावतो; पण १२० जणांनी पहाटेपर्यंत तग कसा धरला, हे त्यास पुरेसे उमगत नाही.

निष्कर्ष :
‘बॉर्डर’ने लोंगेवाला हे नाव घरोघरी पोहोचविले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र सैनिकाचे मोठेपण त्याच्या मृत्यूने मोजण्याची सवयही त्याने बळकट केली. या सवयीमुळे रणांगणातून परतलेल्या सैनिकाचे पुढील आयुष्य समाजाच्या दृष्टीआड राहते. मूळ घटनेचे महत्त्व जिवंत राहून चौकी राखण्यात होते. मराठी वा हिंदी युद्धपटांचे मूल्यमापन करताना हा निकष विचारात घेणे आवश्यक ठरते.