न सांगणारी चित्रे

‘ॲनिमेशन’ हा शब्द काढला की आपल्या बायका चटकन म्हणतात, “म्हणजे कार्टून ना? ते पोरांचं.” मग पोरांसाठी म्हणून आपण काय लावतो? पाठशाळेत दाखवतात त्या धर्मकथांच्या चकचकीत फिती. त्यात हरीण रडते, राजा पश्चात्ताप करतो आणि लगेच एक जाड आवाज सांगतो, “म्हणून बालकांनो, जीवदया पाळावी.” पोर जांभई देते. हरणाबद्दल त्याला काही वाटायच्या आतच काय वाटायला हवे ते सांगून झालेले असते! माझी तक्रार विषयाबद्दल नाही, या घाईबद्दल आहे.

आपल्या परंपरेला ही घाई नव्हती. मंदिराच्या भिंतीवरचे लेश्यावृक्षाचे चित्र आठवा. एक जांभळाचे झाड आणि सहा भुकेली माणसे. पहिला मुळावरच कुऱ्हाड घालायला निघालेला, सहावा खाली पडलेली जांभळे वेचणारा, मधले चौघे मधल्या पायऱ्यांवर. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सहा रंग. लहानपणी आपण त्यापुढे उभ्या राहून “मी कितवी?” असे मनात मोजलेच असेल. चित्र काही बोलत नाही, म्हणूनच आपल्याला मोजावे लागते. इथे केरीहून तेरेखोल ओलांडून कुडाळकडे गेले की पिंगुळी लागते. तिथल्या ठाकर मंडळींची चित्रकथी म्हणजे हाताने रंगवलेल्या चित्रांच्या पोथ्या. गाणाऱ्याच्या आवाजावर एकेक चित्र पुढे येते. चित्र जागचे हलत नाही, हलते ते बघणाऱ्याचे मन.

म्हणून मला लहान, अनोळखी, जरा विचित्रच अशा ॲनिमेशनपटांची गोडी लागली. त्यांतले दोन-तीन तुमच्यापुढे ठेवते.

आधी एक ओळखीचा. ‘एक अनेक और एकता’, 1974. दूरदर्शनवर आपल्यापैकी कितीजणींनी पाहिला असेल! पण तो विजया मुळे या मुंबईत जन्मलेल्या बाईंनी दिग्दर्शित केला आणि त्यातली चित्रे भीमसेन यांनी हलती केली, हे किती जणींना ठाऊक आहे? त्यातली ताई उपदेश करत नाही. मुले विचारतात आणि ती एकेक उदाहरण देत जाते. जाळ्यात सापडलेले पक्षी एकदम उडतात, ते दृश्य आजही अंगावर काटा आणते. तरी माझी एक कुरकुर आहे. इथे अनेक मिळून एक होतात, झाले. आपला अनेकांत म्हणतो की एकाच वस्तूला अनेक बाजू असतात आणि एकीकडून पाहताना दुसरी दडते. हा चित्रपट ती दुसरी बाजू दाखवत नाही. सात-आठ मिनिटांत सगळे मागू नये हे कबूल, पण उत्तर हातात देऊनच तो संपतो.

आता उत्तर न देणारा. रशियातल्या युरी नोर्श्टेइन यांचा ‘हेजहॉग इन द फॉग’, 1975, दहाएक मिनिटांचा. एक चिमुकला काटेरी प्राणी संध्याकाळी अस्वलाच्या पिल्लाकडे चहाला आणि चांदण्या मोजायला निघतो. वाटेत धुके. धुक्यात एक पांढरा घोडा. त्याला प्रश्न पडतो, हा घोडा झोपला तर धुक्यात गुदमरेल का? बास, एवढ्या काळजीपोटी तो धुक्यात उतरतो. घाबरतो, हरवतो, नदीत पडतो. पाण्यातला ‘कोणीतरी’ त्याला पाठीवर घेऊन काठाला सोडतो. तो कोण, हे नीट दिसतही नाही. शेवटी मित्राशेजारी बसूनही हा त्या घोड्याचाच विचार करत राहतो. ‘दया’ हा शब्द कुठेही न येता अनुकंपा अशी दाखवलेली मी दुसरीकडे पाहिली नाही. आणि एक सांगू? ते धुके संगणकाचे नाही. चित्रावर पातळ कागद धरून तो हळूहळू कॅमेऱ्याकडे आणत ते साधले. यातली चित्रे नोर्श्टेइन यांच्या पत्नी फ्रान्चेस्का यार्बुसोवा यांच्या हातची. नाव नवऱ्याचे गाजले. ही गोष्ट आपल्याला नवी नाही म्हणा!

तिसरा आपल्या मुंबईचा. गीतांजली राव यांचा ‘प्रिंटेड रेनबो’, 2006, पंधरा मिनिटे. कान महोत्सवात समीक्षक सप्ताहात त्याला पुरस्कार मिळाले. एक म्हातारी, तिची मांजर आणि आगपेट्यांचा साठा. फ्लॅटमधले तिचे जग करडे. एखादी आगपेटी हाती घेतली की ती त्या चित्रात शिरते आणि रंग उसळतात. संवाद नाहीत. मधली काही रंगीत सफर मला लांबलेली वाटते, डोळ्यांना गोड पण मनाला तेवढी न लागणारी. पण ती करडी खोली मात्र पिच्छा सोडत नाही.

हा चित्रपट ऐकून एक शेजारीण म्हणाली, “आगपेट्या जमवायच्या? हा परिग्रहच की!” प्रश्न बरोबर आहे. पण परिग्रह वस्तूत नसतो, आसक्तीत असतो, हे आपण स्वाध्यायात वाचतोच. लोक टाकून देतात ते ही बाई जपते, कारण तिच्याकडे बोलायला कोणी नाही. आपल्या घराघरांत अशी एक आजी किंवा विधवा आत्या असते. “आता तुम्ही धर्मध्यान करा,” म्हणून आपण तिला मानाने एका खोलीत बसवतो आणि दार लोटून घेतो. तिच्या करड्या खोलीत रंग कुठून येतात, हे आपण कधी विचारले? प्रवचनाने मला हा प्रश्न घातला नव्हता, तो या पंधरा मिनिटांनी घातला.

तेव्हा पाठशाळा चालवणाऱ्या बायांना माझे एवढेच सांगणे. महिन्यातून एकदा यांतले काहीतरी लावा. आजीलाही पोरांच्या शेजारी बसवा. संपल्यावर “काय शिकलात?” असे लगेच विचारू नका. थोडा वेळ गप्प बसा. मग विचारायचेच असेल तर “तुला काय दिसलं?” एवढेच विचारा. सहा जणांना सहा गोष्टी दिसतील. दिसू देत. अनेकांत शिकवायला याहून सोपा धडा मला तरी माहीत नाही.